एकच नाव, दोन पाळणे



ग्रंथालयाच्या सभासदत्वाचा अर्ज ही तशी रुक्ष वस्तू. परंतु अशा अर्जांच्या पहिल्याच ओळीत बहुधा ‘श्री./सौ./कु.’ अशी तीन संक्षिप्त रूपे छापलेली असतात आणि त्यांतील दोन खोडून एक ठेवावयाचे असते. अर्जदाराचे नाव गोविंद असो की गोदावरी, हे काम विनासायास होते. ‘किरण’ किंवा ‘सुहास’ असे नाव आले आणि अर्जदार खोडाखोड करावयास विसरला, म्हणजे मात्र लिपिकाची लेखणी क्षणभर अडखळते. मधले नाव वडिलांचे; ते मुलाला आणि अविवाहित मुलीला सारखेच लागते, त्यामुळे तेही मदतीस येत नाही. लिपिकाच्या त्या अडखळण्यात दडलेला प्रश्न हाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. मुलाला आणि मुलीला सारखेच चालणारे नाव अधिक शोभते तरी कोणाला?

प्रश्न वरकरणी बारशाच्या घरातला आहे. पाळण्याभोवती जमलेल्या बायकांनी हसत-खेळत सोडवावा, एवढाच त्याचा आवाका वाटतो. परंतु नाव ही माणसाला मिळणारी पहिली देणगी आहे, आणि ती देताना समाज आपल्या मनातले पुष्कळ काही नकळत सांगून जातो. म्हणून या प्रश्नाकडे थोडे निवांतपणे पाहिले पाहिजे.

प्रथम उदाहरणे पाहू. बडोदेकरांना ‘किरण’ म्हटले की यष्टिरक्षक किरण मोरे आठवतात. ते याच गावचे, जन्म १९६२ चा. परंतु १९७२ साली भारतीय पोलीस सेवेत दाखल झालेली पहिली स्त्री किरण बेदी. ‘सात सक्कं त्रेचाळीस’ ही कादंबरी लिहिणारे नगरकर किरण, आणि २००६ चे बुकर पारितोषिक मिळविणाऱ्या देसाई याही किरण. कादंबरीकार सुहास शिरवळकर पुरुष, तर रंगभूमीवरील ज्येष्ठ अभिनेत्री सुहास जोशी स्त्री. शशी कपूर आणि शशी देशपांडे ही जोडीही तशीच. संस्कृतात शशी हा चंद्र आणि तो पुल्लिंगी; पण त्यामुळे धारवाडला जन्मलेल्या लेखिकेला ते नाव ठेवताना कोणाचे काही अडले नाही.

प्रांत बदलला की नावाचे लिंगही बदलते, ही गंमत बडोद्याच्या मराठी माणसाला विशेष ठाऊक आहे. मराठी घरात मधू म्हणजे मधुकर किंवा मधुसूदन. मधू लिमये, मधू दंडवते, मधु मंगेश कर्णिक ही नावे आठवावीत. शेजारच्या गुजराती घरात मात्र मधुबेन असतात. उलट ‘कमल’ हे नाव मराठीत स्त्रीचे. लेखिका कमल देसाई, कमल पाध्ये ही त्याची उदाहरणे. परंतु मध्य प्रदेशाचे माजी मुख्यमंत्री कमलनाथ आणि दक्षिणेतले अभिनेते कमल हासन यांना त्यात काही स्त्रैण वाटत नाही. ज्योती हे आपल्याकडे मुलीचे नाव. बंगालमध्ये ज्योति बसू १९७७ पासून २००० पर्यंत मुख्यमंत्री होते. आणि आपल्याच महात्मा फुल्यांचे नाव जोतीराव होते, हे विसरून कसे चालेल?

यावरून एक गोष्ट उघड होते. अमुक नाव पुरुषी आणि अमुक बायकी हा गुण त्या नावाच्या अक्षरांत नसतो. तो ऐकणाऱ्याच्या कानाच्या सवयीत असतो.

आपल्या पूर्वजांनी मात्र तो अक्षरांतच बसविण्याचा यत्न केला होता. गृह्यसूत्रांत नामकरणाचे नियम आहेत. पारस्कराच्या मते मुलाचे नाव दोन किंवा चार अक्षरांचे असावे. मुलीचे विषम अक्षरांचे आणि आकारान्त असावे. मनुस्मृतीनेही स्त्रीचे नाव उच्चारावयास सोपे, मंगल आणि दीर्घ स्वराने संपणारे असावे असे सांगितले. आता या तराजूत आपली नावे घालून पाहावीत. किरण, सुहास, कमल ही तीन तीन अक्षरांची. संख्येने मुलींकडे जातात, पण आकारान्त नाहीत म्हणून परत येतात. ‘कृष्णा’ दोन अक्षरांचे, म्हणून मुलाचे. आकारान्त, म्हणून मुलीचे. शास्त्राचाही लिपिक येथे अडखळतो.

मराठीने तर हा नियम केव्हाच बाजूला सारला. आपल्या संतांची नावे पाहावीत. तुका, नामा, चोखा, गोरा, सावता, सेना ही सारी पुरुषांची आणि सारी आकारान्त. मुक्ता, सोयरा, बहिणा ही स्त्रियांची, तीही आकारान्त. पंढरीच्या वाटेवर चालणाऱ्या या मंडळींच्या नावांच्या शेवटावरून स्त्री कोण आणि पुरुष कोण हे ओळखता येत नाही, आणि ओळखण्याची कोणाला निकडही भासली नाही. खेड्यापाड्यांतला रामा, शिवा, कृष्णा आजही त्याच वळणाचा आहे. कृष्णा हे नदीचे नाव, द्रौपदीचे नाव, आणि बैलगाडी हाकणाऱ्या गड्याचेही नाव.

मग जुन्या मराठी समाजात घोटाळा कसा होत नसे? याचे उत्तर प्रत्ययांत आहे. मूळ नाव सामाईक असे. त्यापुढे राव, जी, पंत, बा लागले की पुरुष आणि बाई, आई, ताई लागले की स्त्री. येसाजी कंक आणि येसूबाई, आनंदराव आणि आनंदीबाई, काशीराव आणि काशीबाई ही त्याचीच उदाहरणे. देवीची नावेही पुरुषांना मोकळेपणाने मिळत. तंजावरच्या भोसल्यांत तुळजाराजे होऊन गेले आणि ग्वाल्हेरीकडे अंबाजी इंगळे हे सरदार गाजले. शत्रूसमोर उभे राहताना आपले नाव आईच्या कुळातले आहे, याची त्यांना लाज वाटल्याचे ऐकिवात नाही. गुजरातीतही हीच रीत आहे, फक्त प्रत्यय निराळे. मणिभाई आणि मणिबेन, हीरालाल आणि हीराबेन. बडोद्याचे दिवाण मनुभाई मेहता होते आणि गांधीजींच्या अखेरच्या दिवसांत त्यांना खांद्याचा आधार देणारी नात मनुबेन होती. झाशीच्या राणीचे माहेरचे नाव मनूच. पॅरिसच्या २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये दोन कांस्यपदके मिळविणारी नेमबाज मनू भाकर याच नावाची.

बडोद्याच्या संदर्भात सर्वांत बोलके उदाहरण ‘चिमणा’ या शब्दाचे आहे. चिमणा म्हणजे लहानगा. वसईचा किल्ला १७३९ साली जिंकणारे पेशवे घराण्यातले वीर चिमाजी अप्पा, म्हणजेच चिमणाजी. आणि बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई. दोघांचे मूळ नाव एकच, घरातल्या धाकट्या लेकराला लाडाने दिलेले. एकाने तलवारीने आपले नाव मोठे केले. दुसरीने १९११ साली भारतीय जीवनातील स्त्रियांच्या स्थानावर इंग्रजी ग्रंथ सहलेखनाने सिद्ध केला आणि १९२७ साली पुण्यास भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषविले. नाव कोणाला अधिक शोभले, हा प्रश्न येथे विचारावासाही वाटत नाही.

परंतु याच नावाच्या इतिहासात एक सल आहे. बडोद्याच्या राजघराण्यात चिमणाबाई दोन झाल्या. सयाजीराव महाराजांच्या पहिल्या राणी तंजावरच्या मोहित्यांच्या कन्या लक्ष्मीबाई. बडोद्यास आल्यावर त्या चिमणाबाई झाल्या, आणि १८८५ साली निवर्तल्या. त्यानंतर देवासच्या घाटग्यांच्या गजराबाई राणी म्हणून आल्या. त्याही चिमणाबाईच झाल्या. रावपुऱ्यातील टॉवर आजही ते नाव सांगतो. माहेरी पाळण्यात ठेवलेली लक्ष्मी आणि गजरा ही दोन निराळी नावे सासरच्या एका नावात विरून गेली. स्वतः सयाजीरावही कवळाण्याचे गोपाळ होते. १८७५ साली दत्तक आल्यावर त्यांचेही नाव बदलले. मात्र पुरुषाचे नाव बदलावयास राज्य मिळावे लागले. स्त्रीचे नाव बदलावयास ताटातले तांदूळ आणि एक अंगठी पुरेशी होती. हिराबाई बडोदेकरांचे पाळण्यातले नाव चंपाकली होते, हेही येथे आठवावे.

प्रत्ययांची ही व्यवस्था शाळेच्या हजेरीपटाने आणि इंग्रजी आद्याक्षरांनी मोडली. ‘राव’ गेले, ‘बाई’ गेल्या, आणि उघडे नाव तेवढे उरले. रोमन लिपीत तर ‘आर्य’ आणि ‘आर्या’, ‘कृष्ण’ आणि ‘कृष्णा’ यांत भेदच राहिला नाही. नाव दोघांना चालेल की नाही, ही काळजी खऱ्या अर्थाने तेव्हापासूनची.

लिहिताना लपलेली गोष्ट बोलताना मात्र मराठीत लपत नाही. ‘किरण आला’ की ‘किरण आली’, हे क्रियापद तत्काळ सांगून टाकते. ‘मी जातो’, ‘मी जाते’ असे म्हणताच बोलणाराही स्वतःला उघड करतो. गुजराती माणूस ‘हुं जाउं छुं’ म्हणतो तेव्हा त्याच्या वाक्यावरून काहीच कळत नाही. म्हणजे संदिग्ध नावाने गोंधळ होईल ही भीती मराठीभाषकांनी तरी बाळगण्याचे कारण नाही. आपली भाषा दुसऱ्याच शब्दाला शंका फेडते.

असे असूनही आईबाप घाबरतात, आणि त्यांच्या भीतीचे स्वरूप तपासून पाहण्याजोगे आहे. मुलीला ‘सुहास’ म्हणावयाचे ठरले तर घरातले म्हणतात, नाव वेगळे आहे, ठसठशीत आहे. मुलाला ‘कमल’ किंवा ‘सुमन’ म्हणावयाचे ठरले तर मात्र कोणीतरी हळूच म्हणते, शाळेत पोरे चिडवतील. मुलीला मुलाचे नाव दिले तर ती एक पायरी चढली असे वाटते. मुलाला मुलीचे नाव दिले तर तो एक पायरी उतरला असे वाटते. सामाईक नावांचा प्रवाह म्हणूनच बहुधा एकाच दिशेने वाहतो. ती मुलांकडून मुलींकडे जातात, परत येताना क्वचित दिसतात.

हे केवळ आपल्याकडे घडते असेही नाही. इंग्लंडमध्ये शर्ली हे नाव पूर्वी पुरुषांचे होते. शार्लट ब्राँटी हिने १८४९ साली त्या नावाची कादंबरी लिहिली. आईबापांना मुलगा हवा होता, म्हणून तिच्या नायिकेला मुलासाठी योजलेले नाव मिळते, असे त्यात दाखविले आहे. पुढे ते नाव मुलींचे झाले आणि पुरुषांनी ते सोडून दिले. लेखिकेने आपले पुस्तक ‘करर बेल’ या टोपणनावाने प्रसिद्ध केले होते, आणि ते नाव स्त्रीचे की पुरुषाचे हे वाचकाला कळू नये अशाच बेताने निवडलेले होते.

मराठीतही टोपणनावांनी ही सीमा ओलांडली आहे. शान्ता शेळके यांनी काही गीते ‘डॉ. वसंत अवसरे’ या नावाने लिहिली. ती लोकांनी आवडीने ऐकली आणि गायिली. नावातल्या पुरुषत्वाने त्यांची गोडी वाढली नाही की घटली नाही. वि. वा. शिरवाडकरांनी तर आपल्या धाकट्या बहिणीचेच नाव शिरी धारण केले. कुसुमचा अग्रज तो कुसुमाग्रज. पुरुष सामान्यतः बापाच्या किंवा गावाच्या नावाने ओळखला जातो. येथे मराठीतला एक थोर कवी बहिणीच्या नावाने ओळखला जातो आणि त्यात सर्वांना गौरवच वाटतो.

आतापर्यंत दोघांना चालणाऱ्या नावांचा विचार झाला. परंतु केवळ एकालाच चालणारे असेही एक नाव महाराष्ट्रात होते, आणि त्याचा उल्लेख टाळून हा विषय पुरा होणार नाही. मूल जगावे म्हणून दगडू, धोंडू, केरू अशी हलकी नावे ठेवण्याची रीत जुनी आहे. ती मुलांना आणि मुलींना सारखीच लागू होती. महर्षी कर्वे धोंडो होते आणि जयपूर घराण्याच्या गायिका धोंडूताई कुलकर्णी होत्या. त्या नावांमागे मूल हातचे जाऊ नये ही आर्त माया होती. ‘नकुशी’ हे नाव मात्र या रांगेतले नाही. मुलगा हवा असताना मुलगी झाली, पुढे तरी मुलगा व्हावा, म्हणून तिला ‘नको असलेली’ असे नाव देत. सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींची नावे ऑक्टोबर २०११ मध्ये समारंभपूर्वक बदलण्यात आली. मुलींनी आपापल्या आवडीची नवी नावे घेतली. त्याच वर्षीच्या जनगणनेत शून्य ते सहा वर्षे वयोगटात दर हजार मुलांमागे महाराष्ट्रात ८९४ आणि गुजरातेत ८९० मुली होत्या.

‘नकुशी’ हे नाव मुलाला का ठेवले जात नाही, याचे उत्तर देताना कोणाला व्याकरण लागत नाही. आणि ‘सुमन’ नाव मुलाला ठेवताना वाटणारा संकोच त्याच मुळाचा कोवळा अंकुर आहे. एका ठिकाणी मुलगी नको असते, दुसऱ्या ठिकाणी मुलीसारखे दिसणे नको असते. प्रमाण फार निराळे आहे. जात एकच आहे.

येथे भाषेचाच आधार घ्यावा. संस्कृतात पत्नीला तीन शब्द आहेत. ‘भार्या’ स्त्रीलिंगी, ‘कलत्र’ नपुंसकलिंगी, आणि ‘दार’ हा चक्क पुल्लिंगी, तोही बहुवचनी. शब्दाचे लिंग आणि व्यक्तीचे लिंग या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे वैयाकरणांना दोन हजार वर्षांपूर्वी ठाऊक होते. मराठीची शहाणीव तर त्याहून हृद्य आहे. आपल्या भाषेत मूल नपुंसकलिंगी, बाळ नपुंसकलिंगी, लेकरू नपुंसकलिंगी. शेजारची गुजराती ‘छोकरुं’ म्हणते, तेही तसेच. हिंदीने हे तिसरे लिंग गमावले. मराठीने, गुजरातीने आणि कोकणीने ते जपून ठेवले. ‘बाळ हसलं’, ‘लेकरू निजलं’ असे आपण म्हणतो तेव्हा ते मुलगा आहे की मुलगी हे सांगण्याची घाई भाषेला नसते. मोठ्या झालेल्या मुलीलाही आई मायेने ‘आलं का गं माझं लेकरू?’ असे विचारते. प्रेमाच्या क्षणी मराठी माणूस लिंगभेद विसरतो आणि व्याकरण त्याला अनुमोदन देते.

जन्माची सरकारी नोंद याच्या उलट क्रमाने चालते. १९६९ च्या कायद्यानुसार मुलाची नोंद नावावाचून होऊ शकते आणि नाव मागाहून भरता येते. लिंगाचा रकाना मात्र आरंभीच भरावा लागतो. कागदाला नावाआधी लिंग हवे असते, मायेला नावाआधी लेकरू हवे असते. या दोहोंमध्ये पाळणा हलत असतो.

सामाईक नावाचा एक व्यावहारिक लाभही सांगितला पाहिजे. अर्ज, उत्तरपत्रिका, हस्तलिखित यांवर असे नाव असले तर तपासणाऱ्याची दृष्टी आधी कामाकडे जाते. मुलीच्या बाबतीत हा लाभ लहान नाही. आणखी एक वर्ग आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली तृतीयपंथी व्यक्तींना आपली ओळख स्वतः ठरविण्याचा अधिकार मान्य केला. वाढत्या वयात जिला आपली ओळख निराळी असल्याची जाणीव होते, अशा व्यक्तीला नाव बदलण्यासाठी राजपत्रापर्यंत धावावे लागते. पाळण्यात मिळालेले नाव प्रशस्त असेल, तर निदान ते एक दार तिच्यासाठी आधीपासूनच उघडे असते.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर काय द्यावे? किरण, सुहास, शशी ही नावे मुलाला शोभतात की मुलीला? इतिहास सांगतो की दोघांनाही शोभली. समाज सांगतो की मुलीला दिल्यास तो कौतुक करील, मुलाला दिल्यास थोडा हसेल. म्हणून एक उलटा सल्ला द्यावासा वाटतो. असे नाव खुशाल मुलाला ठेवावे. मुलीने मुलाचे नाव घेण्याने दरी बुजत नाही. तिला फक्त पलीकडच्या काठावर जागा मिळते. मुलगा जेव्हा निःसंकोचपणे ‘सुमन’ होईल आणि वर्गात कोणाला हसू येणार नाही, तेव्हा दोन्ही काठ समपातळीत आले असे म्हणता येईल. मात्र त्या पोराला एकट्याने चिडवणे सोसावे लागू नये, ही जबाबदारी नाव ठेवणाऱ्या आत्याची, आईबापांची आणि शाळेची आहे. मोठ्यांच्या तत्त्वांचे ओझे पाळण्यातल्या जिवाच्या मानेवर टाकून मोकळे होणे बरे नव्हे. तसेच मोठेपणी त्या मुलाला किंवा मुलीला ते नाव नकोसे झाले, तर ते बदलण्याची मुभा आनंदाने द्यावी. सातारच्या मुलींना जे मिळाले, ते मिळण्यासाठी कोणालाही आधी ‘नकुशी’ व्हावे लागू नये.

समारोपाला बडोद्याच्याच एका नावाची आठवण उचित ठरेल. दिवाण मनुभाईंची कन्या हंसा मेहता. हंस पुल्लिंगी, हंसा स्त्रीलिंगी; केवळ एका काण्याचा फरक. १९४९ साली स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या त्या पहिल्या कुलगुरू. तत्पूर्वी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर त्या भारताच्या प्रतिनिधी होत्या. जाहीरनाम्याच्या मसुद्यातील पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ निघू शकेल असा इंग्रजी शब्द होता. त्या अर्थाने स्त्रिया वगळल्या जातील असे सांगून त्यांनी तो बदलावयास लावला, आणि १० डिसेंबर १९४८ रोजी संमत झालेल्या जाहीरनाम्यात ‘सर्व मानव’ हा शब्द आला. मनू हे नाव मुलासही चालते आणि मुलीसही. मनुष्य आणि मानव हे शब्द त्याच नावावरून आले. मनुभाईंच्या मुलीने सर्व जगाला तोच अर्थ समजावून दिला.

ग्रंथालयाच्या अर्जावरचे ते तीन संक्षिप्त शब्द कदाचित तसेच छापले जातील. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांवर आईचेही नाव येऊ लागले आहे. म्हणजे अर्जाच्या ओळी बदलत नाहीत असे नाही. तोवर लिपिकाने किरण नावाच्या अर्जदारापुढे क्षणभर थांबावे, खोडाखोड न करता नाव लिहून घ्यावे, आणि पुस्तक कोणते हवे तेवढे विचारावे. वाचकाची ओळख त्याने मागितलेल्या पुस्तकावरून होते, आणि ग्रंथालयाला तेवढी पुरते.